ड्रोन हवेत गोल गोल सरकत होता, तो असा थांबला (माझा अनुभव)

लक्षण असं: ड्रोन वर गेला की दोन-तीन सेकंद स्थिर. मग स्टिक सोडलेल्या असतानाही गोल सरकायला लागायचा आणि प्रत्येक फेरीला वर्तुळ मोठं. वारा नाही, जीपीएसला उपग्रह भरपूर.

पंखे बदलले, फर्मवेअर अपडेट केलं, सपाट फरशीवर आयएमयू (ड्रोनचा कल आणि हालचाल ओळखणारा सेन्सर) कॅलिब्रेट केला, म्हणजे त्याचं माप नव्याने जुळवलं. फरक शून्य. पार वैतागलो होतो.

चूक जागेची होती. कंपास (दिशा सांगणारं ड्रोनमधलं होकायंत्र) मी घराच्या गच्चीवर कॅलिब्रेट केला होता. स्लॅबमधल्या सळ्या आणि टाकीचा लोखंडी स्टँड यांमुळे त्याची उत्तर दिशाच तिरकी बसली. मग जीपीएसवरून 'सरकलो' असं कळलं की ड्रोन भलत्याच दिशेने भरपाई करायचा, म्हणून गोल.

कंपास पुन्हा मोकळ्या जागी कॅलिब्रेट करायचा होता. आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर ग्रीन झोन (ड्रोन उडवायला मोकळा भाग) बघा. होटगी रोडला विमानतळ आहे, हे सोलापूरकरांनी विसरू नये. मी तुळजापूर रोडला हिप्परग्याच्या पुढे मोकळ्या रानात गेलो. गाडी तीसेक पावलं लांब लावली. किल्ल्या, घड्याळ, मोबाइल गाडीतच. ज्यांच्या रिमोटला मोबाइल लागतो, त्यांनी तो ड्रोनपासून हातभर दूर धरावा. ड्रोन सुरू करून रिमोटवरच्या अ‍ॅपमध्ये कंपास कॅलिब्रेशन निवडलं. आधी ड्रोन आडवा धरून पूर्ण फेरी, मग नाक खाली करून दुसरी. बंद करून पुन्हा चालू केला, होम पॉइंट (ड्रोनने परत यायची जागा) नोंदला जाईपर्यंत थांबलो आणि दोन मीटरवर मिनिटभर तरंगत ठेवला.

जागचा हलला नाही.