हेरल्डचं पुढचं सस्पेन्शन: ट्रनियनला ग्रीस नको, तेल घाला

"ग्रीस मारून दिलं भो, आता दोन वर्षं बघायचं काम नाही." माझ्या जुन्या हेरल्ड गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनबद्दल एका गॅरेजात हे ऐकून मी निर्धास्त झालो. चार महिन्यांनी पारोळ्याला रसवंतीसमोर गाडी वळवायला स्टेअरिंग पूर्ण मारलं, खालून 'कट्' असा आवाज आला आणि पुढचं चाक आडवं होऊन मडगार्डखाली घुसलं. वेग माणूस चालतो तेवढा होता. दहा मिनिटं आधी त्याच गाडीत बायको-मुलांना घेऊन मी हायवेवर सत्तरनं येत होतो.

तेव्हापासून पुढचं सस्पेन्शन उघडून दुरुस्त करायचं काम मी स्वतःच करतो. माझ्या गाडीवर केलं, मग धुळे, चाळीसगाव, अमळनेरकडच्या ओळखीच्या गाड्यांवर केलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. ट्रायम्फनं हेरल्ड १९५९ साली आणली, आपल्याकडे १९६१ पासून ती मद्रासला स्टँडर्ड या नावानं बनू लागली. १९६२ ची स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार याच हेरल्डची चासी आखूड करून केलेली. त्यामुळे पुढची रचना दोघींची एकाच घडणीची आहे आणि स्पिटफायरवाल्यांनाही यातलं जवळजवळ सगळं लागू पडतं.

गाडी सपाट फरशीवर, घोड्यांवर (गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडवर), चाकं काढलेली. एवढं झालेलं आहे असं धरतो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका. नट-बोल्टांवर आदल्या रात्रीच डिझेल किंवा गंज सोडवायचं तेल सोडून ठेवा. या गाडीचं सुख म्हणजे अख्खं बॉनेट पुढं उलटतं आणि सगळं समोर उघडं पडतं.

उघडताना एकच काळजी घ्या. खालच्या विशबोनचे (चाकाला चासीशी जोडणाऱ्या दुबेळक्या हाताचे) ब्रॅकेट जिथं चासीला बसतात तिथं पातळ पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्यांना शिम म्हणतात. कुठल्या बोल्टावर किती निघाल्या ते मोजून, तारेत ओवून, चिठ्ठी बांधून ठेवा. त्या मिसळल्या की चाकाचा कल बिघडला म्हणून समजा.

स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बाहेर येतात. स्प्रिंग सोडवायला दोन आकड्यांचा स्वस्त कॉम्प्रेसर वापरू नका, आकडा सरकला तर हात जाईल. ज्याच्याकडे नीट प्रेस आहे त्याच्याकडे नेऊन द्या, पैसे द्या, मोकळे व्हा. शॉकअप जोडीनंच बदला. कडकपणा कमी-जास्त करता येणारे घेतले असतील तर मऊ बाजूकडून सुरुवात करा. आखूड स्प्रिंग टाकून गाडी खाली बसवायचा सल्ला देणाऱ्यानं आपल्या गावांतले गतिरोधक पाहिलेले नाहीत.

विशबोनच्या आतल्या बाजूचे बुश, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या नळीसारख्या गाद्या, रबराचे असतात. भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात जुनं रबर भेगाळून जातं. पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक, थोडक्यात पॉली) टाकायचे तर इथं टाका, सोबत सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर करकरतील. पण गाडीत आहे तिथं सगळीकडे पॉली ठोकू नका; रस्त्याचा प्रत्येक खडा पाठीत जाणवतो.

आता ट्रनियन. गाडी इथंच अडते आणि माणसं इथंच चुकतात.

वरच्या बाजूला बॉल जॉइंट आहे, त्याचं फार काही नाही. खाली मात्र पोलादाच्या उभ्या लिंकच्या (चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या) शेवटाला जाड आटे आहेत आणि त्यावर पितळी रंगाचा एक ठोकळा स्क्रूसारखा चढतो. हाच ट्रनियन. तुम्ही स्टेअरिंग फिरवता तेव्हा लिंक या आट्यांमध्ये फिरते, आणि चाकाला बसणारा दणका याच जोडातून विशबोनकडे जातो. म्हणून आट्यांच्या फटीत कायम पातळ तेल खेळतं राहिलं पाहिजे. गिअरबॉक्सचं ९० नंबरचं ईपी (जास्त दाब सहन करणारं) तेल. ग्रीस त्या फटीत खालपर्यंत पोचत नाही, तोंडाशीच साचून वाळतं, आणि पावसाळ्यात आत गेलेलं पाणी तिथंच कोंडून धरतं. मग पोलाद गंजतं, गंजाच्या खड्ड्यातून बारीक चीर निघते आणि रोज थोडी पुढं सरकते. माझी तुटलेली लिंक हातात घेतली तेव्हा तुटल्या तोंडाचा निम्म्याहून जास्त भाग जुना, काळपट होता आणि उरलेला ताजा, करडा, दाणेदार. म्हणजे ती कितीतरी दिवस अर्धवट तुटलेलीच होती. पूर्ण स्टेअरिंग मारल्यावर उरलेलंही गेलं.

म्हणून नवा ट्रनियन जुन्या लिंकवर तसाच चढवू नका, आधी लिंक तपासा. रॉकेल आणि पितळी ब्रशनं आटे लख्ख करा. उन्हात धरून बोटाचं नख प्रत्येक आट्यातून फिरवा. नख खड्ड्यात अडकलं तर ती लिंक भंगारात. चीर दिसत नसली तरी भंगारात. आटे स्वच्छ निघाले तर वेल्डिंगवाले वापरतात तो लाल रंगाचा क्रॅक तपासायचा स्प्रे मारा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, पुसा आणि वर पांढरा डेव्हलपर मारा. लाल रेघ उमटली की विषय संपला. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील. त्यांना नमस्कार करून परत या. या पोलादावर वेल्डिंग म्हणजे पुढच्या वळणाची तारीख ठरवणं.

नवा ट्रनियन घेतानाही डोळे उघडे ठेवा. दोन बाजूंचे आटे वेगळे आहेत, एक उजव्या आट्यांचा, दुसरा डाव्या. ताकद लावून 'बसेल हो' करू नका. त्याचं खालचं तोंड चकतीनं बंद केलेलं असतं आणि नव्या मालात ती चकती पुष्कळदा झिरपते. मी ट्रनियन निम्मा तेलानं भरून रात्रभर वर्तमानपत्रावर उभा ठेवतो. सकाळी कागदावर डाग असेल तर दुकानदाराला परत. चांगला असेल तर तेल लावलेल्या लिंकवर तो दोन बोटांनी, कुठंही न अडकता फिरला पाहिजे.

चढवताना आधी लिंकवर रबरी रिंग घाला, मग ट्रनियन. ही रिंग विसरली की सगळं परत उघडा. आत थोडं तेल असू द्या, काठोकाठ नको. ट्रनियन हातानं शेवटपर्यंत फिरवा आणि मग मागं घ्या, बोल्टचं भोक विशबोनशी जुळेपर्यंत. शेवटाला टेकवून ठेवू नका. लिंक हातानं दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. कुठंही घट्ट लागली तर अजून मागं घ्या. हे टेबलावर दोन मिनिटांचं काम आहे. गाडीवर बसवल्यावर चूक कळली तर अर्धा दिवस जातो.

ट्रनियनच्या आडव्या बोल्टावर नायलॉनचे बुश असतात. ते जळगावच्या एमआयडीसीत लेथवर करून मिळतात आणि चांगले होतात. फक्त नायलॉन ओल पिऊन फुगतं, म्हणून थोडा ढिलेपणा ठेवायला सांगा, किंवा डेलरिन या दुसऱ्या प्लास्टिकचे करा, ते कमी फुगतं. ट्रनियन मात्र लेथवर करून घेऊ नका.

सगळं जोडताना रबरी बुशचे बोल्ट फक्त हातानं लावा. गाडी घोड्यांवर असताना विशबोन खाली लोंबतात. त्याच अवस्थेत आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. चाकं लावा, गाडी जमिनीवर घ्या, पुढच्या दोन्ही सीटवर ५० किलोंची सरकीची एकेक गोणी आणि त्यावर १५ किलोंचा तेलाचा डबा ठेवा, गाडी हातानं चार-पाच वेळा दाबून सोडा, आणि मगच शेवटचं आवळा. पॉलीचे बुश आपल्या नळीवर फिरतात, त्यांना हा नियम तितका लागू नाही. पण सवय एकच असावी.

मागचं आता थोडक्यात. हेरल्डला मागं आडवी कमान, म्हणजे पट्ट्यांची स्प्रिंग, आहे आणि चाकं स्विंग अॅक्सलवर, म्हणजे आतल्या टोकाशी वरखाली झुलणाऱ्या अॅक्सलवर. कन्नड घाटात वळणावर जोरात घुसून अचानक अॅक्सिलरेटर सोडला तर बाहेरचं मागचं चाक आत मुडपतं आणि गाडीचा मागचा भाग सुटतो. त्यावर खरा उपाय म्हणजे १९७० च्या स्पिटफायर मार्क फोरला आलेली स्विंग स्प्रिंग. तिच्यात एक पट्टी सोडून बाकीच्या मोकळ्या झुलतात. ती टाकणार असाल तर पुढचा अँटी-रोल बारही (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) जाड टाका, एकटी टाकू नका.

चाकांची अलाइनमेंट शेवटी करून घ्या, तेही गोण्या सीटवर असतानाच. गॅरेजवाला हसला तर हसू द्या.

५०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा पाहा. ट्रनियनसाठी एक वेगळी ग्रीस गन घ्या, तिच्यात ग्रीसऐवजी ९० नंबरचं तेल भरा आणि तिच्यावर रंगानं 'तेल' असं लिहून टाका, म्हणजे मदतीला आलेला कुणी चुकणार नाही. ट्रनियनचा छोटा प्लग काढून निपल लावा, चाक जमिनीवरून उचला आणि वरच्या रबरी रिंगपाशी तेल दिसेपर्यंत दाबा. मी हे मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीला एकदा करतो, गाडी चाललेली असो वा नसो.