प्रिंटरची शाई: रिफिल कुठे परवडतं आणि कुठे अंगाशी येतं

रिफिल करावं की नाही, हे प्रिंटर कुठल्या जातीचा आहे त्यावर ठरतं. लेझरचा टोनर, म्हणजे शाईऐवजी वापरली जाणारी पावडर, भरून घेणं जवळपास नेहमीच परवडतं. छोट्या कार्ट्रिजच्या इंकजेटमध्ये, म्हणजे पातळ शाईचे थेंब फेकणाऱ्या प्रिंटरमध्येही परवडतं, फक्त हात काळे करायची तयारी हवी. टँकच्या, म्हणजे बाटलीने शाई भरायची टाकी असलेल्या प्रिंटरमध्ये स्वस्त शाई ओतणं हा मात्र सगळ्यात वाईट सौदा, आणि मोह सगळ्यात जास्त तिथेच होतो.

आधी पानाचा हिशेब करा. कार्ट्रिजच्या किमतीला पानांच्या आकड्याने भागायचं. किमती सारख्या बदलतात, म्हणून इथे समजुतीच्या धरल्या आहेत. तुम्ही आपल्या बिलावरच्या टाका. एचपी ८०३ च्या साध्या काळ्या कार्ट्रिजमधून सुमारे १९० पानं निघतात. ते ९०० रुपयांना मिळालं, तर पानाला पावणेपाच रुपये पडले. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे याहून स्वस्तात काम होतं. एचपी १२ए या लेझर टोनरची क्षमता २००० पानांची. ५००० रुपये धरले तर पान अडीच रुपयांना, आणि तेच ३५० रुपयांत भरून घेतलं तर साडेसतरा पैशांना. टँकच्या प्रिंटरला लागणारी एप्सन ००३ ची काळ्या शाईची ६५ मिलिची बाटली ४५०० पानांची. ४०० रुपये धरले तर पानाला नऊ पैसेसुद्धा होत नाहीत.

पानांचे हे आकडे साधारण ५ टक्के छपाईचे असतात, म्हणजे कागदाचा विसावा भाग शाईने भरला असं धरून. पत्र, अर्ज, सातबारा यांना हा हिशेब बरा लागू पडतो. मुलांच्या प्रकल्पासाठी पानभर रंगीत चित्र काढलं, तर ते एकटं दहा-पंधरा पानांची शाई पिऊन टाकतं. तेव्हा कार्ट्रिज लवकर संपलं म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी आपण काय छापलं ते आठवा.

टँकवाल्या प्रिंटरला कंपनीचीच शाई

बाजारात त्याच रंगाची दुसरी बाटली १५० रुपयांना मिळते. बाटलीमागे २५० रुपये वाचले, पण ते ४५०० पानांवर पसरले. पानाला साडेपाच पैसे. महिन्याला १०० पानं काढणाऱ्या घरात ही बचत वर्षाला ७० रुपयांच्या आत राहते. एप्सनच्या प्रिंटरमध्ये हेड, म्हणजे कागदावर शाईचे थेंब सोडणारा भाग, प्रिंटरलाच बसवलेलं असतं, शाईबरोबर बदलत नाही. ते बुजलं तर दुरुस्तीचं बिल काही हजारांत जातं. ७० रुपयांसाठी हा जुगार खेळू नये.

कंपनीची शाई घेतानाही बाटलीवरचा क्रमांक आपल्याच मॉडेलचा आहे ना, ते पाहा. शाई दोन प्रकारची असते. डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग, आणि पिगमेंट म्हणजे द्रवात तरंगणारे बारीक कण. ००३ चे चारही रंग डाय आहेत. कॅननच्या जीआय ७९० मध्ये काळी पिगमेंट आणि बाकीचे रंग डाय. पिगमेंटच्या जागी डाय ओतली तर अक्षरं कागदात पसरतात आणि ओलं बोट लागलं की फिसकटतात. उलट केलं तर त्याहून वाईट, कारण दोन शाया एकत्र आल्या की गुठळ्या होऊन नळ्या आणि हेड दोन्ही बुजू शकतात. ‘सगळ्या प्रिंटरला चालते’ असं लिहिलेली बाटली या कारणासाठी टाळावी.

टाकीतली शाई खालच्या रेषेखाली जाऊ देऊ नका. नळीत हवा शिरली की रंग तुटतो, आणि मग हेड क्लिनिंग, म्हणजे शाई सोडून हेड मोकळं करायची प्रिंटरचीच सोय, वापरत बसावं लागतं. प्रत्येक क्लिनिंगमध्ये शाई वाया जाते ती प्रिंटरच्या तळाशी असलेल्या स्पंजच्या पॅडमध्ये. पॅड भरल्याची नोंद झाली की प्रिंटर छापायचं थांबवतो. कॅननच्या अनेक मॉडेलांत तेव्हा ५बी०० हा एरर दिसतो. सॉफ्टवेअरने नुसता आकडा शून्यावर आणून देणारे बरेच भेटतात. त्यांना पॅडही बदलायला किंवा धुवायला सांगा, नाहीतर काही महिन्यांनी शाई टेबलावर येईल. क्लिनिंग सलग दोनदा करून फरक पडला नाही तर प्रिंटर रात्रभर तसाच राहू द्या आणि सकाळी पुन्हा करा. एकापाठोपाठ सहा वेळा करून काहीही साधत नाही.

छोटं कार्ट्रिज घरी भरताना

एचपीच्या ८०३, ६८०, ६७८ या कार्ट्रिजमध्ये हेड कार्ट्रिजलाच असतं. म्हणूनच ती महाग, आणि म्हणूनच भरायला योग्य: बिघडलं तर कार्ट्रिज जाईल, प्रिंटर नाही. पण वेळ पाळायला हवी. या हेडमध्ये शाई तापवून तिचा थेंब बाहेर फेकला जातो, आणि तीच शाई हेडला थंडही ठेवते. शाई नसताना छापत राहिलं तर आतले तापक जळतात, मग कितीही भरा, रेघ तुटलेलीच येणार. अक्षरं फिकी पडायला लागली किंवा मध्ये पांढऱ्या रेघा आल्या की त्याच दिवशी भरा. महिनाभर कोरडं पडलेलं कार्ट्रिज भरण्यात अर्थ नसतो.

साहित्य साधं: ५ मिलिची सिरिंज, लांब सुई, टिश्यू पेपर, रबरी हातमोजे, जुनं वर्तमानपत्र आणि मॉडेलला चालणारी शाई. काळ्यासाठी पिगमेंट, रंगांसाठी डाय. प्रत्येक रंगाला वेगळी सिरिंज घ्या. वजनकाटा असेल तर भरण्याआधी कार्ट्रिज तोलून आकडा लिहून ठेवा.

वरचं लेबल हळूच सोला, खाली बारीक भोकं दिसतील. रंगीत कार्ट्रिजमध्ये कुठल्या भोकाखाली कुठला रंग आहे हे अंदाजाने ठरवू नका. प्रत्येक भोकात नवी टूथपिक घालून बाहेर काढा, टोकाला लागलेला रंग खरा. कार्ट्रिज घडी केलेल्या टिश्यूवर ठेवून सुई आतल्या स्पंजमध्ये अर्ध्यापर्यंत घाला आणि सावकाश दाबा, १ मिलिला निदान अर्धा मिनिट. घाईने दाबलं की स्पंजमध्ये हवेचे खिसे राहतात, आणि ‘भरलं तरी छापत नाही’ ही तक्रार बहुतेकदा तिथूनच येते. ८०३ च्या काळ्यात ३ मिलि, रंगीतात प्रत्येक कप्प्यात १ ते दीड मिलि पुरे. भोकाशी शाई वर दिसली की थांबा आणि थोडी परत ओढून घ्या. रंगीत कार्ट्रिज जास्त भरलं तर रंग एकमेकांत उतरतात आणि पिवळ्याच्या जागी हिरवट छपाई येते. काट्यावर पुन्हा ठेवा: १ मिलि म्हणजे साधारण १ ग्रॅम. प्रिंटर आता शाईची पातळी खरी दाखवणार नाही, तेव्हा पुढच्या वेळी हा आकडाच कामी येतो.

लेबल परत चिकटवा, पण भोकं हवाबंद करू नका. हवा आत शिरली नाही तर शाई खाली उतरत नाही आणि अर्ध्या पानावर छपाई फिकी पडते. मग खालचं हेड कोमट पाण्यात भिजवलेल्या टिश्यूवर दोन मिनिटं टेकवून ठेवा. ठसा एकसारखा उमटला तर हेड मोकळं आहे. पुसताना घासू नका, फक्त टिपा. तांब्यासारखे चकाकणारे कॉन्टॅक्ट कोरड्या कापडाने स्वच्छ करा, कारण तिथे शाई राहिली तर प्रिंटर कार्ट्रिज ओळखत नाही.

कार्ट्रिज बसवल्यावर ते वापरलेलं किंवा बनावट असल्याचा, किंवा शाई संपल्याचा संदेश येईल. ओके दाबून पुढे जा. एचपीच्या अनेक प्रिंटरांत कार्ट्रिजची ओळख सांगणारी चिप दुसऱ्या कंपनीची असेल तर ते नाकारणारी व्यवस्था असते, पण मूळ चिप असलेलं भरलेलं कार्ट्रिज त्यात अडत नाही. मात्र ‘कार्ट्रिज प्रोटेक्शन’ सुरू असेल तर ते एकाच प्रिंटरशी बांधलं जातं, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ते आधीच बंद करा. रंगीत कार्ट्रिज पार मेलं असेल तर ते काढून ठेवा. या जातीचे प्रिंटर एका कार्ट्रिजवरही चालतात.

एक कार्ट्रिज चार-पाच वेळा भरलं की पैसे वसूल समजा. महिन्याला १०० पानांच्या वर जात असाल, तर सिरिंज घेऊन बसण्यापेक्षा टँकचा प्रिंटर घेतलेला बरा.

लेझर: भरून देणाऱ्याला काय विचारायचं

कॅनन एलबीपी २९०० चं ३०३ आणि एचपी १०२० चं १२ए, ही दोन्ही टोनरची कार्ट्रिज आतून सारखी. त्यांना चिप नाही, सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत मिळतात. नव्या मॉडेलांत चिप असते, तिचे पैसे आधी विचारून घ्या.

टोनर भरणं म्हणजे नुसती पावडर ओतणं नव्हे. ड्रमवर, म्हणजे कागदावर छाप उमटवणाऱ्या नळकांड्यावर, उरलेली पावडर वायपर ब्लेड नावाची पट्टी खरवडून वेस्टच्या, म्हणजे टाकाऊ पावडरच्या, कप्प्यात टाकते. तो कप्पा दरवेळी रिकामा करायलाच हवा. भरणारा दहा मिनिटांत ‘झालं’ म्हणाला, तर वेस्ट काढलं का ते विचारा. नसेल काढलं तर पंधरा दिवसांत कागदावर पावडर सांडू लागेल. काढलेली वेस्ट पावडर परत वापरू देऊ नका, तिच्यात कागदाचा भुसा असतो. १२ए ला ८० ते १०० ग्रॅम टोनर पुरतो. हिरवा किंवा निळा ड्रम उघडा पडला की त्यावर काळं कापड टाकलेलं हवं, कारण उजेडाने तो खराब होतो.

पैसे देण्याआधी तिथेच एक कोरं आणि एक मजकुराचं पान काढून बघा, आणि डागांमधलं अंतर मोजपट्टीने मोजा. दर ७५ मिलिमीटरवर तोच डाग येत असेल तर दोष ड्रमचा, दर ३८ वर येत असेल तर पीसीआर म्हणजे ड्रमला विद्युतभार देणाऱ्या चार्ज रोलरचा. वरपासून खालपर्यंत काळी रेघ असेल तर ड्रमवर ओरखडा किंवा वायपर ब्लेड गेलेलं. पांढरी रेघ असेल तर पावडरचा थर सारखा करणाऱ्या डॉक्टर ब्लेडखाली गुठळी अडकलेली. कोरं पान करडं आलं तर पीसीआर मळलेला किंवा टोनर त्या मॉडेलचा नव्हे. अक्षर बोटाने पुसलं गेलं तर टोनर नीट वितळत नाही. पावसाळ्यात कोकणात हाच दोष दमट कागदानेही येतो, म्हणून आधी नवं रीम फोडून बघा आणि उरलेले कागद पिशवीत बंद ठेवा. दोन-तीन रिफिलनंतर ड्रम बदलावा लागतो. तेव्हा ड्रम, ब्लेड आणि मजुरी यांची बेरीज करा. बऱ्याचदा नवं कम्पॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं पण त्याच प्रिंटरला बसणारं, कार्ट्रिज तेवढ्यातच येतं.

घरी भरणार असाल तर मास्क लावा, पंखा बंद करा. सांडलेला टोनर घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका, बारीक पावडर त्याच्या फिल्टरमधून परत खोलीत येते. ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि कपडे थंड पाण्यातच धुवा. गरम पाण्याने टोनर धाग्यात बसतो, मग निघत नाही.