ओकलीत राहायला येताय? लिंबाची फांदी आपल्याकडे झुकलीय का बघा

मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात शिकायला आलेली आपली मुलं आणि हल्ली नोकरीवाली कुटुंबंही विद्यापीठाजवळच्या क्लेटनला घर मिळालं नाही की ओकलीत शोधतात. क्लेटनपासून दोनच स्टेशनं. घर दाखवणारा एजंट स्वयंपाकघर दाखवेल, हीटर दाखवेल, पण ओकली हे मेलबर्नमधल्या ग्रीकांचं गाव आहे हे काही सांगणार नाही. मी २००३ पासून इथे आहे, म्हणून मी सांगतो.

घर बघायला जाल तेव्हा शेजारचं आवार बघा. पुढे सिमेंट केलेलं, लिंबाचं झाड, मागे द्राक्षाचा मांडव आणि टोमॅटोचे वाफे दिसले, तर आत एक याया आहे असं समजा. याया म्हणजे आजी. आजोबांना पापू म्हणतात. पहिल्याच आठवड्यात आमच्या कुंपणावर झुकलेली लिंबं बघून मी विचारलं, दोन घेऊ का? याया म्हणाल्या, "ने, ने." मी आपला पिशवीभर नेली. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे 'हो', हे सहा महिन्यांनी कळलं. नकार द्यायचा तर मान मागे टाकून 'च्च' करतात, तो समजायला आपल्याला शिकवणी लागत नाही.

आता जेवण. शाकाहारी असाल तर 'निस्तिसिमो' हा शब्द पाठ करा. म्हणजे उपवासाचं. ईस्टरच्या आधीचे कित्येक आठवडे धार्मिक घरांत मांस, दूध, अंडी बंद असतात. मग पांढऱ्या, शेंगदाण्याएवढ्या नव्हे, चांगल्या अंगठ्याएवढ्या घेवड्याच्या बिया टोमॅटोत शिजवतात, मसुराचं सूप करतात, काबुली चणे ओव्हनमध्ये ठेवतात. भेंडीसुद्धा करतात, तिला 'बामिएस' म्हणतात. आणि 'व्लिता' म्हणून जी पालेभाजी उकडून तेल-लिंबू घालून देतात, तो आपला माठच. याया ती रस्त्याकडेहूनही खुडून आणतात. पण सावध राहा. त्यांच्या उपवासाला माकूळ आणि ऑक्टोपस चालतो, कारण त्यात रक्त धरत नाहीत. माझी आई इथे आली असताना तिने कांद्याची भजी समजून माकुळाची दोन कडी खाल्ली. तिसऱ्याला विचारलं. त्यानंतर तिने ईटन मॉलमध्ये, म्हणजे ओकलीच्या ग्रीक कॅफेंच्या गल्लीत, कॉफीशिवाय कशालाही हात लावला नाही. पालकाच्या पाईत, म्हणजे स्पानाकोपितात, चीज असतं आणि पुष्कळदा अंडंही, तेही आधी विचारा.

कॉफीला 'टर्किश' म्हणू नका. पितळी ब्रिकीत (लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात) उकळलेली, तळाशी गाळ असलेली ती कॉफी ग्रीक आहे, विषय संपला. १९७४ साली तुर्कस्तानने सायप्रसवर केलेला हल्ला इथे अजून ताजा आहे. मॅसेडोनियाचंही नाव काढू नका, त्या नावावरून ग्रीकांचा शेजारच्या देशाशी जुना वाद आहे.

आमच्या शेजारचे पापू १९६१ साली 'पात्रिस' जहाजाने ग्रीसच्या पिरेअस बंदरातून आले, मेलबर्नच्या स्टेशन पिअर धक्क्यावर उतरले. ऑस्ट्रेलिया आणि ग्रीसच्या १९५२ च्या स्थलांतर करारानंतर ग्रीसमधून बोटी भरभरून माणसं येत होती, कारखान्यांना हात हवे होते. पापूंचं नाव दिमित्रिओस. फोरमनने पहिल्या दिवशी जिम केलं, ते आजही बँकेत जिमच आहेत. तेव्हा ऑलिव्ह तेल औषधाच्या दुकानात छोट्या बाटलीत मिळायचं, कान दुखला तर घालायला. त्यांचा मुलगा, आता साठीचा, सांगतो की डब्यात ऑलिव्ह आणि लसणाचं काही असलं की तो शाळेच्या संडासामागे जाऊन खायचा. बाकीची मुलं 'वॉग' म्हणायची, ही दक्षिण युरोपातून आलेल्यांना दिलेली शिवी. हा शब्द आज ते आपापसात हसत वापरतात. तुम्ही वापरू नका.

म्हणून माझं मत असं, ज्ञानेश्वरचा 'डॅन' करायचा तर हौसेने करा, भीतीने नको. फोडणीच्या वासाबद्दल शेजाऱ्यांची माफी मागत बसू नका. ज्या घरातून शनिवारी सकाळी कोळशावर कोकराचा वास येतो, तिथे मोहरीचं कुणाला काही नसतं.

पण ते आधी आलेत म्हणजे आपल्याला मिठीच मारतील, असंही नाही. एकदा पापू आमच्या ओसरीत बसून, आमचीच चकली खात म्हणाले, "ओकलीत आता फार इंडियन झाले. आम्ही एका सुटकेसवर आलो, तुम्ही लॅपटॉप घेऊन विमानातून उतरता." मला लागलं. मी म्हटलं, पापू, आमच्याकडे कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावं कोरलेली आहेत, दोन हजार वर्षं झाली, तिथे कुणी तक्रार केली नाही. त्यांनी विचार केला. "खांब त्यांनी दिले होते ना? तू काय दिलंस?" तेव्हापासून घरपट्टी भरली की पावती त्यांना दाखवतो.

कुणाकडून ताट आलं तर रिकामं परत करायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. रव्याचा लाडू तिकडे हमखास आवडतो, बेसनाच्या लाडवाबद्दल मात्र मतभेद आहेत. तुमच्या बाळाचं कौतुक करून याया 'फ्तू फ्तू फ्तू' करून थुंकल्यासारखं करतील, रागावू नका. दृष्ट लागू नये म्हणून आहे ते. आमच्या मुलीची दृष्ट त्यांनी पाण्यात तेलाचे थेंब टाकून काढली, आणि आईने घरी आल्यावर मीठ-मोहरीने पुन्हा काढली.

ईस्टर त्यांचा बहुतेक वर्षी वेगळ्या रविवारी येतो, तारीख यायालाच विचारा. शनिवारी रात्री बाराला चर्चमध्ये सगळे दिवे मालवतात आणि एका ज्योतीवरून शेकडो मेणबत्त्या पेटत रस्त्यापर्यंत येतात. कुणी "ख्रिस्तोस आनेस्ती" (ख्रिस्त उठला) म्हटलं तर "आलिथोस आनेस्ती" (खरंच उठला) म्हणायचं. मग ती ज्योत विझू न देता घरी न्यायची आणि धुराने चौकटीवर क्रूस काढायचा. चालत जा, गाडी लावायला जागा मिळत नाही. वारा असतो, ज्योतीभोवती धरायला कागदी कप न्या. आणि चांगलं जॅकेट घालू नका, मागच्या माणसाचं मेण पाठीवर पडतं.