वर्षानुवर्षं चालणारी रोजनिशी: लिहावी कशी, जपावी कशी

आधी वही ठरवा. तारखा छापलेली डायरी देखणी असते, पण चार दिवस खाडा झाला की कोरी पानं डोळ्यांत खुपतात आणि ती डायरी कपाटात जाते. त्यापेक्षा दोऱ्याने शिवलेली, रेघांची साधी वही घ्या आणि तारीख स्वतः घाला. पिना मारलेली वही टाळा. दमट हवेत पिना गंजतात आणि मधली पानं सुटतात.

मग पेन. एका कागदावर दोन ओळी लिहा, वाळू द्या आणि ओलं बोट फिरवून पाहा. शाई पसरली तर ते पेन रोजनिशीसाठी नको. साधं बॉलपेन या परीक्षेत सहसा पास होतं.

खरा प्रश्न असतो, लिहायचं काय? ‘आज मन उदास होतं’ एवढंच लिहिलंत तर वीस वर्षांनी त्यातून काहीही हाती लागत नाही. ‘पहाटेपासून पाऊस. मेथीची जुडी तीस रुपये, आईने घासाघीस करून पंचवीसला आणली. संध्याकाळी दिवे गेले, सगळे गॅलरीत बसलो’ असं लिहा. त्या दिवशीचं मन त्यात आपोआप उतरतं. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, टिळकांचे सहकारी, 1911-12 मध्ये शिर्डीत राहिले होते. तिथली त्यांची रोजनिशी आजही वाचली जाते. तिच्यात अशाच नोंदी आहेत: कधी उठलो, काकड आरतीला गेलो का, कोण भेटायला आलं. बाजारभाव, माणसं, हवा, जेवण, आजारपण हे सगळं येऊ द्या. माझ्या मते रोजनिशीचा जीव तिथेच आहे.

तारखेत वर्ष पूर्ण लिहा. नुसतं ‘12/8’ पुढे निरुपयोगी ठरतं. ‘काका आले’ असं न लिहिता कोणते काका ते नावानिशी लिहा. नाहीतर तुमच्या नातवंडांना ते कळणार नाही.

वेळ एकच ठेवा, जेवणानंतरची किंवा सकाळच्या चहाची. दोन ओळी झाल्या तरी पुरे. खंड पडलाच तर मागचे दिवस आठवून भरत बसू नका, आजपासून लिहा.

पानांना क्रमांक द्या आणि शेवटची दोन पानं सूचीसाठी राखा: ‘ताईचं लग्न, पान 41’. मुखपृष्ठावर वहीचा क्रमांक आणि कधीपासून कधीपर्यंत ते घाला. वह्या वाढल्या की याच सूचीवर सगळी भिस्त असते. एसटीच्या मशीनमधून निघणारं तिकीट चिकटवलंत तर गावाचं नाव आणि भाडं शेजारी लिहून ठेवा, कारण त्यावरची छपाई उडून जाते. चिकटपट्टी नको; ती पिवळी पडते आणि कागदावर डाग सोडते.

भरलेल्या वह्या बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका, तिथे ओल येते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधल्या तर आतला दमटपणा अडकून बुरशी धरते. जुनी दप्तरं रुमालांत बांधून ठेवत, तसं धुतलेलं सुती कापड वापरा. पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा वह्या उघडून कसर, वाळवी लागली नाही ना, ते बघा. कडक उन्हात मात्र पसरू नका, शाई फिकी पडते.

आणि तुमच्या माघारी या वह्या कोणी वाचाव्यात, कोणी वाचू नयेत, हे पहिल्याच पानावर स्पष्ट लिहून सही करा. घरातल्या एकाला तरी त्या कुठे आहेत ते सांगून ठेवा.