विकिपीडियाचा डंप दर महिन्याला: परभणीत बसून डेटाचं काम शिकताना

परभणी-नांदेडकडची पोरं फोन करून विचारतात, "दादा, डेटाचं काम शिकायचं तर पुण्यालाच यावं लागतं का?" मी म्हणतो, आधी मराठी विकिपीडियाचा डंप दर महिन्याला आपोआप उतरवून दाखव, मग एसटीचं तिकीट काढ.

विकिमीडिया फाउंडेशन आपल्या विकींची प्रत ठरावीक वेळाने सगळ्यांना खुली करते, तोच डंप. फेऱ्या महिन्यातून दोन. १ तारखेच्या फेरीत प्रत्येक लेखाच्या जुन्या आवृत्त्याही असतात, २० तारखेच्या फेरीत तो इतिहास नसतो. फुकट आहे म्हणून इंग्रजीचा पूर्ण इतिहास ओढायला जाऊ नका. मराठी विकी २००३ पासूनची, तरी तिचे चालू लेख साध्या लॅपटॉपवर आरामात मावतात.

नवखी मंडळी क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, '१ तारीख' लिहून मोकळी होतात. पण त्या दिवशी फेरी सुरू होते, संपत नाही. आधी निघतात स्टब: पान कोणतं, आवृत्ती कोणती, कुणी कधी बदललं, एवढंच, मजकूर नाही. मग मजकूर भरतात, आणि जो आधीच्या डंपमध्ये आहे तो तिथूनच उचलतात, डेटाबेसला पुन्हा पुन्हा राबवत नाहीत. मोठ्या विकींचे पानांच्या क्रमांकाप्रमाणे तुकडे पाडतात. एखादा फसला तर तेवढाच पुन्हा चालवायचा. ज्यांनी हे डोकं लावलं त्यांना मानलं पाहिजे. या सगळ्याला दिवस लागतात, आणि किती लागतील ते फेरीगणिक बदलतं.

म्हणून तारखेच्या भरवशावर राहू नका. प्रत्येक फेरीच्या फोल्डरमध्ये 'डंपस्टेटस' नावाची जेसन फाइल (प्रोग्रॅमला सहज वाचता येईल अशी मजकुराची फाइल) असते, तिच्यात प्रत्येक कामापुढे 'वेटिंग', 'इन-प्रोग्रेस' किंवा 'डन' लिहिलेलं असतं. माझी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, रोज सकाळी आधी ती वाचते. लेखांच्या फाइलपुढे 'डन' दिसलं तरच पुढचं काम. तिकडची घड्याळं यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, हेही लक्षात असू द्या.

आता आपल्याकडची अडचण: लाइट. मे महिन्यात दुपारी ती कधी जाईल याचा नेम नाही. वीगेट या डाउनलोड करणाऱ्या प्रोग्रॅमला 'सी' पर्याय दिला की डाउनलोड तुटलं तिथून पुढे सुरू होतं. फाइल उतरेपर्यंत तिच्या नावाला 'पार्ट' जोडून ठेवा. एसएचए-१, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा, त्यांच्या यादीशी जुळला की मगच नाव बदला, म्हणजे पुढच्या प्रोग्रॅमच्या हाती अर्धी फाइल पडत नाही. एकाच वेळी दहा डाउनलोड लावू नका. सर्व्हर मोजक्याच जोडण्या देतो, आणि ते रास्तच आहे.

मुलाखतीत कोर्सच्या सर्टिफिकेटबद्दल मला फारसं कुणी विचारलं नाही. "फेरी लांबली तर तुझी स्क्रिप्ट काय करते?" हे मात्र विचारलं, आणि त्यावर बराच वेळ बोलता आलं.