ईव्ही घ्यायचीय? शोरूमच्या आधी पार्किंगमध्ये टेप घेऊन उतरा

मी पुण्यात इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे. सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचे (ईव्ही) चार्जिंग पॉइंट बसवायची कामं घेते. भिंतीला ड्रिल लावलं की दहा मिनिटांत दोन-चार काका जमतात आणि सुरू होतात. "बॅटरी दोन वर्षांत बसते." "वीज कोळशाचीच, मग पर्यावरण कसलं?" "सरकार सबसिडी वाटतंय, आमच्या टॅक्समधून." यातलं थोडं खरं असतं, बरंचसं ऐकीव. पण गाडी घ्यायची की नाही, हे यातल्या एकाही वाक्यावर ठरत नाही. ते ठरतं तुमच्या मीटरपासून तुमच्या पार्किंगपर्यंत केबल कशी आणि किती जाते यावर.

म्हणून आधी टेप घ्या. मीटर रूमपासून सरळ रेषेत मोजू नका. केबल भिंतीच्या कडेने, बीमखालून, ड्रेनेजचा पाइप चुकवत जाते. डोळ्यांना पंचवीस मीटर वाटलेलं अंतर चाळीस भरतं. घरी बसवतात तो मोठा चार्जर ७.२ किलोवॅटचा. तो ३२ अँपिअर ओढतो, आणि गीझरसारखा वीस मिनिटांत बंद होत नाही, तासन्‌तास चालतो. त्याला किमान ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल हवी, अंतर लांब असेल तर १० ची. वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की शॉक बसण्याआधी तोडणारा स्विच), आणि अर्थिंग. बाकी कुठेही घासाघीस करा, अर्थिंगला नको. जुन्या इमारतींत अर्थिंगची पट्टी गंजून नावापुरती उरलेली असते. अर्थ नीट मिळाला नाही तर बरेच चार्जर चालूच होत नाहीत, आणि मग लोक गाडीच्या कंपनीला शिव्या घालतात.

सगळ्यांना ७.२ लागतो असंही नाही. रोजचं येणं-जाणं तीस-चाळीस किलोमीटर असेल तर १६ अँपिअरचा साधा पॉवर सॉकेट पुरतो. ३ किलोवॅटने आठ तास म्हणजे २४ युनिट. गळती धरून युनिटला पाच किलोमीटर पकडले तरी रात्रीत शंभराच्या वर किलोमीटर आत जातात. मोठा चार्जर विकणारा हे आपणहून सांगेल, अशी अपेक्षा नको.

मग वीजबिल काढा आणि 'मंजूर भार' बघा, म्हणजे तुमच्या कनेक्शनला एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे ते. तीन-चार किलोवॅट असेल तर भार वाढवून घ्यावा लागेल, नाहीतर ईव्हीसाठी वेगळं मीटर. माझं मत वेगळ्या मीटरकडे झुकतं. महावितरणच्या घरगुती दराला टप्पे आहेत: १०० युनिट, ३००, ५००. गाडीचे युनिट घरच्या मीटरवर आले की तुम्ही वरच्या टप्प्यात जाता आणि त्या युनिटांना महाग दर लागतो. ईव्ही चार्जिंगचा दर वेगळा आहे. दोन्ही दर समोर ठेवून स्वतःच्या बिलावर आकडेमोड करा.

आता सोसायटी. देशाचं राजकारण परवडलं, पण पार्किंगचं नको. ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्वतःच्या कनेक्शनवरून घरी गाडी चार्ज करता येते. त्यामुळे अर्जात 'परवानगी मिळावी' एवढंच लिहून थांबू नका. केबलचा मार्ग दाखवणारं रेखाचित्र जोडा, भाराचा हिशेब जोडा, खर्च स्वतः करणार हे लिहा, आणि कमिटीकडून पोचेची सही घ्या. तोंडी विचारलंत तर विषय पुढच्या मीटिंगला, तिथून वार्षिक सभेला (एजीएम), तिथून पुढच्या वर्षी.

पैशांचं बोलायचं तर सबसिडीवाल्या काकांना एक सांगा. २०१९ ते २०२४ चाललेल्या फेम-२ या केंद्राच्या ईव्ही अनुदान योजनेत खासगी कारला अनुदान नव्हतं, आणि नंतर आलेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतही नाही. कारला फायदा आहे तो ५ टक्के जीएसटीचा, २०१९ पासून. शिवाय राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे. तरी पहिल्या फेरीनंतर फास्टॅगचा मेसेज उघडून बघा, कापले गेले असतील तर लगेच तक्रार टाका.

कोळशाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आपली बहुतांश वीज कोळशाचीच. पण पेट्रोल इंजिन इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णता म्हणून उधळतं, मोटर तसं करत नाही. तो हिशेब काका धरत नाहीत. बॅटरीच्या बाबतीत मतं ऐकण्यापेक्षा वॉरंटीचा कागद वाचा. बऱ्याच गाड्यांना ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर आहे. क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली की बदलून देतात, ती ओळ शोधा.

रेंजचा जाहीर आकडा प्रयोगशाळेत रोलरवर काढलेला असतो, आणि त्या चाचणीचा कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. हायवेला एसी लावून शंभरने जाणार असाल तर सरळ एक तृतीयांश कापा. कागदावर ४५० म्हणजे हातात ३००. पुण्याहून कोल्हापूरला पोचाल, पण परतीसाठी तिथेच चार्ज करायला लागेल. फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतर वेग मंदावतो. तिथे शंभर होईपर्यंत ताटकळू नका, मागे रांग असते.

पॉइंट बसला की पहिल्या रात्री तासाभराने खाली या आणि प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर चार्जिंग बंद करा आणि वायरमनला बोलवा, बहुधा स्क्रू ढिला असतो. महिन्याभराने सगळे स्क्रू एकदा परत आवळून घ्या. आणि पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडला असेल, तर तो आजच्या आज वर ओढा.