डाळिंबाच्या सालींच्या रंगातून वस्तीची गोधडी

फिनलंडसारख्या उत्तरेकडील देशांत बर्चच्या पानांपासून लोकर पिवळी रंगवण्याची जुनी रीत आहे. तेथील सार्वजनिक हक्कानुसार कोणाच्याही जंगलातील रानफळे व अळंबी वेचता येतात. मात्र उभ्या झाडाची साल किंवा फांदी मालकाला विचारल्याशिवाय घेता येत नाही. सोलापुरात बर्च नाही, पण हा दंडक येथेही पाळण्यासारखा आहे. त्यामुळे गोधडीचे कापड रंगवण्यासाठी बाभळीची साल सोलण्याऐवजी, ज्यूस सेंटरवाले रोज फेकून देतात त्या डाळिंबाच्या सालीच घ्याव्यात. मृग बहाराची फळे हिवाळ्यात येतात, तेव्हा साली जमवून कडक उन्हात वाळवून ठेवाव्यात.

यंत्रमागावरच्या कोऱ्या सुती कापडात खळ असते आणि ती निघाल्याशिवाय रंग सारखा बसत नाही. म्हणून कापड धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात तासभर उकळून स्वच्छ धुवावे. एक किलो कोरड्या कापडासाठी अर्धा किलो वाळलेल्या साली रात्रभर भिजवाव्यात, सकाळी तासभर उकळून पाणी गाळावे आणि कोमट अर्कात कापड तासभर बुडवून ठेवावे. सालीतील टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, सुतात आधी मुरले, की तुरटी चांगली धरते. त्यानंतर १५० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात कापड तासभर ठेवावे आणि पुन्हा अर्कात घालावे. भांडे स्टीलचे असावे. पहिल्या वेळी आम्ही घाईत लोखंडी कढई चुलीवर चढवली आणि पिवळ्याऐवजी शेवाळी राखाडी कापड हाती आले.

तीच चूक रेषा काढण्यासाठी मुद्दाम वापरता येते. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम हिराकस (लोखंडाचा क्षार) विरघळवून, पिवळ्या कापडावर कुंचल्याने गल्ली, आड, कडुनिंब, जे ज्याला आठवेल ते रेखाटावे. ओली रेषा आधी जेमतेम दिसते आणि पाहता पाहता काळपट होते, हे बघायला मुलांची झुंबड उडते. हिराकस अधिक झाल्यास सूत कालांतराने कुजते, म्हणून चित्र वाळल्यावर कापड भरपूर पाण्यात धुवावे. हातमोजे घालावेत आणि हिराकसची बादली वेगळी ठेवावी.

प्रत्येक घराने हातभर तुकडा रंगवावा आणि ज्यांना गोधडीचा धावदोरा येतो, त्या आजी-मावश्यांनी ते जोडावेत. बोअरच्या जड पाण्यामुळे छटा घरोघरी थोड्या वेगळ्या येतील. त्या एकसारख्या करण्यासाठी पुन्हा रंगवू नये.